बिल्ला आणि खराटा

१९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. दक्षिण आफ्रिकेतून आलेले बत्तीस वर्षांचे एक वकील रिपन कॉलेजात उतरले. स्वयंसेवक पुष्कळ होते आणि त्यांच्या छातीवर बिल्लेही होते, पण काम पुढे सरकत नव्हते. एकाला काही सांगितले की तो दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला, आणि परगावचा प्रतिनिधी तिष्ठत उभा. संडास थोडे, माणसे फार, त्यामुळे दुर्गंधीने जीव नकोसा झालेला. वकिलांनी एका स्वयंसेवकाचे तिकडे लक्ष वेधले, तेव्हा हे काम आमचे नव्हे, सफाईवाल्याचे, असे सरळ उत्तर आले. त्यांनी खराटा मागितला. मागणी ऐकून तो स्वयंसेवक बघतच राहिला. शेवटी खराटा मिळाला आणि वकिलांनी एक संडास साफ केला, तोही स्वतःपुरता. बाकीच्यांना हात लावणे एका माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

ते वकील म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. हा प्रसंग त्यांनी पुढे आत्मकथेत लिहून ठेवला. बरोबर पस्तीस वर्षांनी, अशाच डिसेंबरच्या थंडीत, काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन पूर्व खानदेशातल्या फैजपूर या गावी भरले. तिथे मैला उचलायला शिकलेसवरलेले लोक स्वतःहून पुढे आले आणि त्यांत अमळनेरच्या शाळेतले एक माजी शिक्षकही होते. या दोन डिसेंबरांच्या मधल्या काळात आपल्याकडे ‘स्वयंसेवक’ या शब्दाचा अर्थ बदलला. फैजपूरची गोष्ट सहसा अध्यक्षीय भाषण आणि ठराव यांच्या अंगाने सांगितली जाते. ती खराट्याच्या अंगाने सांगितली, तर अधिक कळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी समाजसेवेसाठी मंडळ काढण्याची कल्पना जगभर जोर धरत होती. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने चौघांची बैठक घेतली आणि त्यातून रोटरी क्लब निघाला. सभासदांनी पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे म्हणून हे नाव. दोनच वर्षांनी या क्लबाने पहिले सार्वजनिक काम हाती घेतले, ते शहरात सार्वजनिक शौचालय बांधून घेण्याचे. त्याच १९०५ च्या जून महिन्यात पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. एका ठिकाणी व्यवसाय सांभाळून उरलेल्या वेळात सेवा, तर दुसऱ्या ठिकाणी सगळे आयुष्यच सेवेला वाहून टाकायचे. गोखल्यांच्या या समाजातले ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा व वाचनालये सुरू केली. रोटरी १९१९-२० च्या सुमारास कलकत्त्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत पोचली. लायन्स क्लब आपल्याकडे आले ते स्वातंत्र्यानंतर, १९५६ मध्ये. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी डोळ्यांची शिबिरे आणि पोलिओचे डोस घेऊन हे क्लब दिसू लागले, तो काळ बराच नंतरचा.

खेड्यापर्यंत पोचलेला पहिला स्वयंसेवक क्लबाचा नव्हता, चळवळीचा होता. १९२० च्या नागपूर अधिवेशनात स्वयंसेवकांची व्यवस्था पाहणाऱ्यांत डॉ. केशव बळिराम हेडगेवार होते. पाच वर्षांनी त्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ काढला. १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास भोगून आलेले हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांना वाटले की नुसत्या उत्साहाने भागत नाही, कवायत आणि शिस्तही हवी. त्याच वर्षीच्या काकिनाडा अधिवेशनात हिंदुस्थानी सेवा दलाचा पाया घातला गेला. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाचे अध्यक्ष स्वतः गांधीजी होते. तिथे सफाईसाठी स्वयंसेवकांचे वेगळे पथक उभे राहिले आणि काका कालेलकरांनी त्यात पुढाकार घेतला. चार वर्षांनी कलकत्त्याला मात्र उलट चित्र दिसले. सुभाषचंद्र बोस लष्करी गणवेशात स्वयंसेवकांचे सेनापती म्हणून उभे होते. तरुण भारावून गेले, गांधीजींना तो थाट रुचला नाही. स्वयंसेवकाने शिपाई व्हायचे की झाडूवाला, हा प्रश्न चळवळीपुढे तेव्हापासून उघडपणे होता.

फैजपूरने त्यातली दुसरी बाजू निवडली. त्याची कारणे खेड्यात होती.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले. खानदेश कापसाचा मुलूख. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्याच्या आठवणी म्हातारी माणसे सांगत. जळगाव, धुळे, अमळनेर इथल्या जिनिंग-प्रेसिंगचा पसारा कापसावर उभा होता. भाव पडले तरी सरकारचा शेतसारा आणि सावकाराचे व्याज पडले नाही. त्यातच १९३५ च्या कायद्याने प्रांतिक निवडणुका समोर दिसू लागल्या आणि मतदारांची संख्या कितीतरी वाढली. शहरात अधिवेशन भरवून वकिलांना भाषणे ऐकवणाऱ्या काँग्रेसला आता शेतकऱ्याच्या बांधावर जाणे भाग होते. गांधीजी १९३६ च्या उन्हाळ्यात वर्ध्याजवळच्या शेगावला, पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. अधिवेशन खेड्यातच व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. एप्रिलमध्ये लखनौचे अधिवेशन उरकले आणि पुढच्याची जबाबदारी महाराष्ट्राने घेतली.

जागा ठरली ती सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यातल्या फैजपूरला. जवळच्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने यांच्यासारखी माणसे या भागात आधीपासून रुजलेली होती. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. खानदेशचे १९०६ मध्येच पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते, एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. पण माणसांची ये-जा जिल्ह्याची हद्द पाहून होत नाही. सुरतेकडून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद करत अमळनेरला आणि तिथून जळगाव-भुसावळला जोडलेली होती. नरडाण्याला गाडीत बसलेला माणूस भुसावळला गाडी बदलून सावद्याला उतरू शकत होता, आणि सावद्याहून फैजपूर जवळच. या टोकाला अहिराणी, त्या टोकाला लेवा बोली, आणि दोन्हीकडे काळी जमीन व कापूस.

गाव तेव्हा लहान, पाहुणे मात्र हजारोंनी यायचे. शहरात अधिवेशन असले की शाळा, नाटकगृहे, वाडे भाड्याने मिळत. फैजपूरला राहण्याच्या झोपडीपासून सभेच्या मंडपापर्यंत सारे मोकळ्या रानात उभे करायचे होते. गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना बोलावून घेतले. आपण चित्रकार, गाव वसवणे हे स्थापत्य जाणणाऱ्याचे काम, असा संकोच बोसांनी दाखवला, तो गांधीजींनी मानला नाही. अट एकच होती. आसपास जे मिळते तेच वापरायचे आणि गावच्या कारागिराच्या हातून करून घ्यायचे. म्हणून बांबू, चटया, गवत, दोरखंड. वास्तुरचनेचे काम म्हात्रे यांच्याकडे आणि अभियंत्याचे काम रामदास गुलाटी यांच्याकडे होते. या वसाहतीला टिळकनगर नाव मिळाले.

असे नगर उभे करायला पैशापेक्षा हात अधिक लागतात, आणि ते हात पगारी असून भागत नाही. पाणी, चुली, दिवे, टपाल, हरवलेली मुले, आजारी पडलेला प्रतिनिधी, अशी शंभर कामे एकाच वेळी उभी राहतात. माणसे मिळवण्याच्या कामी जे खानदेशभर हिंडले, त्यांत पांडुरंग सदाशिव साने होते. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांचे अंथरूणही स्वतः आवरून ठेवत. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी नोकरी सोडली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ती प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली म्हणून ती जगापुढे आली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून झाली. फैजपूरच्या वेळी त्यांचे नाव खानदेशातल्या विद्यार्थ्यांना घरच्या माणसासारखे ओळखीचे होते. त्यांच्या शब्दावर घरची कामे सोडून येणारी मुले होती, आणि डिसेंबर म्हणजे ऐन कापूस वेचणीचे दिवस.

सफाईची सूत्रे अप्पासाहेब पटवर्धनांकडे होती. रत्नागिरीच्या या माणसाचा सफाईशी संबंध हौसेचा नव्हता. १९३२ मध्ये तुरुंगात असताना आपल्यालाही मैलासफाईचे काम द्यावे, अशी त्यांनी मागणी केली. जातीने ते काम तुमचे नाही, या सबबीवर तुरुंगाने ती नाकारली. पटवर्धनांनी अन्न सोडले. बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींपर्यंत पोचली आणि पटवर्धनांच्या पाठिंब्यासाठी त्यांनीही उपवास आरंभला. सफाईच्या हक्कासाठी सत्याग्रह करावा लागला, हे ऐकून आज हसू येईल. त्या काळी मात्र प्रश्न सरळ जातिव्यवस्थेच्या मुळावर बोट ठेवणारा होता.

खेड्यातल्या एवढ्या मोठ्या जमावात सफाईची पद्धत साधी आणि कष्टाची असते. चर खणायचा, वापरानंतर माती लोटायची, भरलेला चर बुजवून पुढचा खणायचा. हे वेळच्या वेळी झाले नाही, तर दोन दिवसांत माश्या आणि चार दिवसांत पटकी. जत्रेतून गावी परतणाऱ्यांबरोबर पटकी गावोगाव जाते, हा अनुभव खानदेशाला नवा नव्हता. साने गुरुजींनी फैजपूरला मैला वाहण्याचे आणि ग्रामसफाईचे काम केले. संस्कृत कविता तोंडपाठ असलेल्या ब्राह्मण शिक्षकाच्या डोक्यावर मैल्याची पाटी पाहणे, हे त्या गर्दीतल्या अनेकांसाठी कुठल्याही भाषणाहून मोठे दृश्य असणार.

२५ डिसेंबरला गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन खुले केले. मांडणी करणाऱ्या संस्थाही सेवेच्याच होत्या. एक १९२५ पासूनचा चरखा संघ, दुसरा जे. सी. कुमारप्पा चालवत असलेला ग्रामोद्योग संघ, वय वर्षे दोन. हे प्रदर्शन म्हणजे तमाशा नव्हे, खेडुताने इथे येऊन शिकायचे आहे, असा गांधीजींच्या त्या दिवशीच्या बोलण्याचा रोख होता. नंदलाल बोस आणि त्यांच्या सोबत्यांचे त्यांनी तोंडभरून कौतुक केले. चित्रे भिंतीला टांगण्याऐवजी सगळे नगरच चित्र करून टाकल्याचा तो आनंद होता.

त्याच सुमारास मनमाडहून पायी निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा टिळकनगरात पोचला. वि. म. भुस्कुटे आणि जे. बुखारी यांनी तो आणला होता. वाटेतल्या गावांत सभा घेत, शेतसारा आणि कर्जाविषयी बोलत ही माणसे चालत आली. अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशनही फैजपूरलाच एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली भरले. महिन्यापूर्वीच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय आले होते आणि समाजवादी तरुण तर ठिकठिकाणी वाद घालत होते.

मुंबईहून एक ज्योत निघाली होती. १८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईला झाले, म्हणून तिथून पन्नासाव्या अधिवेशनाकडे. धावणारे बदलत गेले, ज्योत हातोहात पुढे आली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलजोड्यांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून मिरवत आले. सरदार पटेलांनी आपले नाव मागे घेतल्याने नेहरूंकडे सलग दुसऱ्यांदा अध्यक्षपद आले होते. लोक किती जमले याचे आकडे वेगवेगळे सापडतात, पण त्या काळची वर्णने लाखाची भाषा करतात. त्यातले बहुसंख्य आजूबाजूच्या खेड्यांतले होते. पुढाऱ्यांची नावे त्यांनी ऐकली होती, तोंडे पहिल्यांदाच पाहत होते.

झेंडावंदनाच्या वेळची एक हकिगत शिरपूरकडे अजून सांगतात. झेंडा उंच खांबावर चढता चढता मध्येच अडकला. दोरी ओढून काही होईना. तेव्हा गर्दीतून शिरपूरचा एक तरुण पुढे झाला, सरसर खांबावर चढला, दोरीचा तिढा सोडवला आणि झेंडा वर गेला. हा तरुण राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेतला होता आणि डॉ. हेडगेवारांनी त्याचा सत्कार केला, असे संघाच्या साहित्यात आवर्जून नोंदवलेले असते. म्हणजे कोणाचा स्वयंसेवक, हा वाद त्या खांबाइतकाच जुना आहे. शिरपूर तिथून तापीच्या खोऱ्यात बरेच पश्चिमेला, नरडाण्यापासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर. एवढ्या दुरून माणसे फैजपूरला गेली होती, हे मात्र त्या हकिगतीतून निर्विवाद उरते.

खुले अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबरला झाले. नेहरूंनी स्पेनमधल्या यादवीपासून फॅसिझमच्या संकटापर्यंत जगाचा आढावा घेतला आणि घटना समितीची मागणी पुढे रेटली. खेडुतांपैकी किती जणांना ते उमगले असेल, सांगता येत नाही. त्यांच्या कामाचा ठराव वेगळा होता. शेतीविषयक तेरा कलमांचा कार्यक्रम फैजपूरने मंजूर केला. शेतसारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या शेतीला सूट द्यावी, कर्जवसुली थांबवावी, वेठ आणि बेकायदा वसुल्या बंद कराव्यात, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी, सहकारी शेतीला वाव द्यावा, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता मिळावी. काँग्रेसने शेतकऱ्याला दिलेले हे तोवरचे सर्वांत स्पष्ट वचन होते. मोर्चाने आलेल्यांची मजल मात्र जमीनदारी मोडण्यापर्यंत होती, आणि तिथे हा कार्यक्रम थांबला.

मग मंडप उतरले, बांबू गेले, रान पुन्हा रान झाले.

परिणामांचा हिशेब मांडताना पहिली गोष्ट डोळ्यांसमोर येते ती अशी की फैजपूर एकटे राहिले नाही. १९३८ मध्ये गुजरातेतले हरिपुरा, १९३९ मध्ये जबलपूरजवळचे त्रिपुरी, १९४० मध्ये तेव्हाच्या बिहारमधले रामगड, अशी पुढची तिन्ही अधिवेशने शहराबाहेर झाली. हरिपुऱ्याला एक्कावन्न बैलांचा रथ आला आणि नंदलाल बोसांची ती प्रसिद्ध चित्रे लागली. फैजपूरला जो प्रयोग म्हणून झाला, त्याचा तिथे रिवाज बनू लागला. रिवाजाबरोबर खर्चही वाढला, आणि त्याबद्दल गांधीजींनीच नाराजी बोलून दाखवली.

राजकीय फळ लवकर हाती आले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेसने १७५ पैकी ८६ जागा जिंकल्या आणि जुलैत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. शेतकरी कर्जनिवारण आणि कूळ संरक्षण यांचे कायदे १९३९ मध्ये झाले. त्याच वर्षी मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले. फैजपूरच्या कलमांतले थोडे कागदावर आले, त्याहून थोडे बांधापर्यंत पोचले. साने गुरुजींचा धीर त्याआधीच सुटला होता. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. अतिवृष्टीने पिके गेली तेव्हा शेतसाऱ्याची माफी मागायला पूर्व खानदेशातल्या शेतकऱ्यांना उठवले, आणि तेही स्वतःच्याच पक्षाचे सरकार असताना. दीड वर्षापूर्वी पाटी उचलणारा स्वयंसेवक आता सरकारला हिशेब विचारत होता.

४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. दलप्रमुख एस. एम. जोशी होते आणि मुलांचे प्रेरणास्थान साने गुरुजी. हर्डीकरांची कवायत आणि फैजपूरचा खराटा इथे एकत्र आले. शाखा, अभ्यासवर्ग, कलापथक, श्रमदान. पुढच्याच वर्षी ‘छोडो भारत’ची हाक आली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले. १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी खानदेशातल्या सोबत्यांबरोबर त्यात होते. नरडाणा-शिंदखेडा या पट्ट्यात आजही स्वातंत्र्यलढा म्हटले की आधी चिमठाणे आठवते. ते साहजिक आहे. बंदुकीची गोष्ट लक्षात राहते, चर खणल्याची राहत नाही.

फैजपूरच्या सफाईवर सर्वांत कठोर प्रश्न ज्यांनी विचारला असता, ते तिथे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. १९३६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेच्या विध्वंसनावरचे भाषण पुस्तकरूपाने छापले आणि स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ३१ जुलै १९३७ रोजी ते एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात उतरले; तिथे दरवर्षी त्या तारखेला लोक जमतात. सफाईच्या कामाला पवित्र म्हणून गौरवल्याने ते ज्यांच्या माथी जन्माने मारले आहे त्यांची सुटका होत नाही, उलट बेडी घट्ट होते, ही त्यांची भूमिका होती. आणि ती खोडून काढणे सोपे नाही. टिळकनगरातली पाटी चार दिवसांची होती. साने गुरुजींनी ती खाली ठेवली तेव्हा ते पुन्हा साने गुरुजी होते. फैजपूरच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तीच पाटी वाहणाऱ्याला ती खाली ठेवायची मुभा नव्हती.

पटवर्धनांना हे कळले असावे, कारण त्यांनी पुढचे आयुष्य वेगळ्या कामाला लावले. कणकवलीला गोपुरी आश्रम काढून ते संडासाच्या रचनेवर प्रयोग करत बसले. उद्देश असा की मैल्याचे खत आपोआप व्हावे आणि तो हाताने उचलायला कोणी लागूच नये. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर उघडले. फैजपूरच्या दोन प्रमुख सफाई कामगारांनी पुढे घेतलेल्या या दोन वाटा. एकाने सेवेची गरजच संपवायचे ठरवले, दुसऱ्याने सेवेला हक्काच्या मागणीशी जोडले. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा देशाचा कायदा व्हायला मात्र १९९३ साल उजाडावे लागले, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

म्हणून फैजपूरचे मोल ठरवताना दोन्ही पारडी पाहायला हवीत. अस्पृश्यतेला तिथे धक्का बसला, ती मोडली नाही. शेतकऱ्याला तिथे वचन मिळाले, जमीन मिळाली नाही. पण लाखाची गर्दी सांभाळण्याचे, गणवेशाचा रुबाब न करता घाणीत उतरण्याचे आणि ते करून घरी परतल्यावर नाव न सांगण्याचे शिक्षण खानदेशातल्या एका पिढीला तिथे मिळाले. कलकत्त्याचा बिल्लेवाला स्वयंसेवक काम दुसऱ्यावर ढकलत होता. फैजपूरचा स्वयंसेवक दुसऱ्याचे काम मागून घेत होता. पस्तीस वर्षांत झालेला हा बदल कुठल्या ठरावात सापडत नाही.

टिळकनगराचा बांबू उरला नाही, फैजपूरच्या महाविद्यालयाला धनाजी नानांचे नाव आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधल्या महाविद्यालयांची या योजनेची निवासी शिबिरे आसपासच्या गावांत भरत आली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या कामांच्या यादीत ग्रामसफाई असते.